रॉजर वॉटर्सचा 'अम्यूज्ड टू डेथ' : युद्ध पाहणाऱ्यांविषयीचा अल्बम

खर्ज

रॉजर वॉटर्सचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पिंक फ्लॉइड या त्याच्या जुन्या रॉक बँडपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा त्या बँडच्या 'द वॉल' या अल्बमपाशीच थांबते. १९९२ च्या सप्टेंबरात आलेला 'अम्यूज्ड टू डेथ' हा त्याचा एकल अल्बम पुष्कळांच्या संग्रहात असतो, पण त्यावर कोणी सविस्तर बोलत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. युद्धविरोधी गाणी म्हटली की मोर्चे, घोषणा आणि शांततेची आळवणी डोळ्यांसमोर येते. या अल्बममध्ये त्यातले जवळजवळ काहीच नाही. वॉटर्सचा रोख सत्ताधाऱ्यांवर आहे, देवाचे नाव घेऊन लढणाऱ्यांवर तर तीन भागांचे गाणेच आहे, पण त्याचा खरा आरोपी घरात कोचावर बसून युद्ध पाहणारा प्रेक्षक आहे, आणि तीस वर्षांनंतरही हा अल्बम शिळा वाटत नाही तो यामुळेच, असे माझे मत आहे.

नावाचे मूळ अमेरिकन माध्यम-समीक्षक नील पोस्टमन यांच्या 'अम्यूजिंग अवरसेल्व्हज टू डेथ' या १९८५ सालच्या पुस्तकात आहे. टेलिव्हिजनने राजकारण, धर्म, शिक्षण अशा साऱ्या सार्वजनिक व्यवहाराचे करमणुकीत रूपांतर केले, ही पोस्टमन यांची मांडणी वॉटर्सने उचलली आणि तिला युद्धाची जोड दिली. अल्बमचे काम सुरू असतानाच १९९१ चे आखाती युद्ध झाले आणि बगदादवर पडणारे बॉम्ब सीएनएनने जगाला घरबसल्या दाखवले. आपल्याकडेही उपग्रह वाहिन्यांची पहिली ओळख पुष्कळांना याच चित्रांनी झाली, हे त्या काळी मुंबईत राहणाऱ्यांना आठवत असेल.

'द ब्रेव्हरी ऑफ बीइंग आउट ऑफ रेंज' या गाण्यात हाच प्रेक्षक तीन हजार मैलांवरच्या बारमध्ये बसून लेझरने नेम धरणाऱ्या बॉम्बचे कौतुक करतो. 'परफेक्ट सेन्स'च्या दुसऱ्या भागात एक पाणबुडी तेलविहिरीच्या फलाटावर पाणतीर सोडते आणि त्याचे धावते समालोचन करतो मार्व्ह अल्बर्ट, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल सामन्यांचा खराखुरा समालोचक. त्याने नेहमीच्याच उत्साहाने, नेहमीच्याच शब्दांत बोलावे एवढेच वॉटर्सने त्याच्याकडून करून घेतले आहे. मग स्टेडियमभर गर्दीचा कोरस उसळतो आणि डॉलर-सेंट, पौंड-शिलिंगच्या हिशेबात मांडले की सगळे कसे पटते, असे गातो. चाल इतकी चढती आहे की आपणही गुणगुणू लागतो, आणि वॉटर्सला तेच हवे आहे.

या सगळ्या कोलाहलाला दोन्ही टोकांना एका म्हाताऱ्या माणसाचा संथ आवाज आहे. आल्फ रॅझेल हे पहिल्या महायुद्धात रॉयल फ्युजिलिअर्स या ब्रिटिश रेजिमेंटमध्ये लढलेले सैनिक. बीबीसीच्या एका माहितीपटात त्यांनी सांगितलेली आठवण वॉटर्सने अल्बमच्या आरंभी घेतली आहे. दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात त्यांना बिल हबर्ड हा सोबती मरणासन्न अवस्थेत सापडतो. ते त्याला उचलून आपल्या खंदकाकडे नेऊ पाहतात. वेदना असह्य होऊन तो खाली ठेवण्यासाठी विनवू लागतो. शेवटी त्यांना त्याला तिथेच सोडून यावे लागते. मागे जेफ बेकची गिटार आहे, पण ती त्यांच्या शब्दांवर कुरघोडी करत नाही. कथन इथे तुटते आणि उरलेले ऐकायला अल्बमचा शेवट गाठावा लागतो. अल्बम हबर्ड यांनाच अर्पण केलेला आहे. सत्तर मिनिटांहून थोड्या अधिक अवधीत युद्धात प्रत्यक्ष कोणाला तरी हात लावलेला हा एकच माणूस बोलतो. बाकीचे सारे पाहणारे, विकणारे किंवा दुरून बटण दाबणारे आहेत.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

तिखटमीठ

खर्ज, लेख आवडला, परंतु अल्बमविषयी आपण दाखवलेली उदारता मला दाखवता येत नाही. वॉटर्सला एका वेळी एका शत्रूवर समाधान मानता येत नाही. देव, डॉलर, टेलिव्हिजन, तेल, चीनचे सरकार, हे सगळे एकाच अल्बममध्ये आहे; 'इट्स अ मिरॅकल'मध्ये तर तो अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या संगीतनाटकांवरही घसरतो. त्या गाण्यात तिबेटमधले मॅकडॉनल्ड्स आणि युफ्रेटिस-तैग्रिसच्या दुआबातले मनोरंजन केंद्र, इथपर्यंतचा उपरोध नेमका आहे; त्याच गाण्यात लंडनच्या नाट्यसृष्टीतले वैयक्तिक वैर कशासाठी आणायचे? युद्धविरोध आणि स्वतःचा वैताग यांतला फरक त्याला नेहमी कळतोच असे नाही.

युद्धाविषयीचा त्याचा खरा अल्बम मी 'द फायनल कट'लाच मानतो. त्यावर नाव पिंक फ्लॉइडचे आहे, पण १९८३ साली आलेल्या त्या अल्बममध्ये एकूण एक गाणे वॉटर्सचे आहे, त्यामुळे व्यवहारात तोच त्याचा पहिला एकल अल्बम म्हणायला हरकत नाही. तिथे विषय एकच आहे: दुसऱ्या महायुद्धात वडील गमावलेल्या पिढीला जे जग देऊ केले होते त्याचे पुढे काय झाले. फॉकलंड युद्धाचा आणि त्यात ब्रिटनने बुडवलेल्या 'बेलग्रानो' या अर्जेंटिनी युद्धनौकेचा उल्लेखही त्याच धाग्यात ओवला जातो. राग तिथेही आहे, पण त्याला घराचा पत्ता आहे. 'अम्यूज्ड टू डेथ'मधला राग पत्रकासारखा सगळ्यांना वाटलेला आहे.

आणखी एक. २००७ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी गर्दीत होतो. 'परफेक्ट सेन्स' सुरू झाल्यावर आजूबाजूची मंडळी हात उंचावून तो डॉलर-सेंटचा कोरस मनापासून गात होती. उपरोध ज्यांच्यावर आहे त्यांनाच तो जल्लोष वाटत असेल, तर त्या उपरोधाने साधले काय?

रानजाई

तिखटमीठ यांचा 'इट्स अ मिरॅकल'वरचा आक्षेप मान्य आहे. पत्रकाचा आक्षेप मान्य नाही, कारण पत्रक लिहिणारा माणूस 'लेट होम टुनाइट' लिहू शकत नाही. या धाग्यात त्या गाण्याचा उल्लेख अजून आलेला नाही याचे आश्चर्य वाटते.

गाणे एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियावर केलेल्या हवाई हल्ल्याविषयी आहे. पश्चिम बर्लिनमधल्या एका डिस्कोथेकमध्ये ५ एप्रिलला स्फोट झाला, त्यामागे लिबिया असल्याचे अमेरिकेने जाहीर केले आणि दहा दिवसांनी, १५ एप्रिलच्या पहाटे, त्रिपोली आणि बेनगाझीवर बॉम्ब पडले. त्यासाठीची एफ-१११ विमाने इंग्लंडमधल्या तळांवरून निघाली होती. फ्रान्सने आपल्या हद्दीवरून जाऊ दिले नाही म्हणून ती अटलांटिकवरून वळसा घालून जिब्राल्टरमार्गे गेली, आणि हवेतच इंधन भरत केलेल्या या जाण्यायेण्याला सुमारे १३ तास लागले. वॉटर्सने यातले जवळजवळ सगळे गाळले आहे. त्याने ठेवली ती ऑक्सफर्डशरमधल्या एका शेतकऱ्याची बायको, जी खिडकीपाशी उभी राहून घड्याळाकडे पाहते, कारण चहाची वेळ होत आली आहे. आणि क्लीव्हलँडचा एक पोरगा, जो कॉकपिटमध्ये काळा चष्मा लावून रोजच्या सवयीने आपली उपकरणे तपासतो. दुसऱ्या टोकाला आणखी एका स्वयंपाकघरात आणखी एक बायको गळक्या नळाकडे पाहत उभी आहे. मग स्फोट.

त्या गळक्या नळापुढे मला 'द फायनल कट'मधली अनेक गाणी फिकी वाटतात. नळ दुरुस्त करायचा राहून जाणे ही गोष्ट ऑक्सफर्डशर, त्रिपोली किंवा आपल्याकडे, कुठल्याही घरात सारखीच असते, आणि वॉटर्स तिच्यावर एकही टीकाटिप्पणी न करता पुढे जातो. एरवी उपदेशाची संधी न सोडणारा हा माणूस इथे गप्प बसला आहे, हे लक्षात घ्यावे.

मला खटकणारे गाणे वेगळे आहे. 'वॉचिंग टीव्ही' या डॉन हेन्लीबरोबरच्या युगलगीतात १९८९ साली बीजिंगच्या तिआनमेन चौकात मारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीची कहाणी आहे. तिच्या रूपाचे वर्णन इतका वेळ चालते की ती जरा कमी देखणी असती तर तिच्यावर गाणे झाले असते का, असा प्रश्न पडतो. इतिहासातल्या इतर बळींपेक्षा ती वेगळी का, तर तिचे मरण टीव्हीवर दिसले म्हणून, असे गाणे शेवटी सांगते. हा विचार मोठा आहे, मात्र तिथे पोहोचेपर्यंत गाणे स्वतःच तिच्याकडे टीव्हीच्या नजरेने पाहत राहते. हे मुद्दाम केले आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही.

तबकडी

ध्वनीच्या अंगाने थोडे लिहितो, कारण या अल्बममध्ये तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत.

१९९२ चे मूळ ध्वनिमिश्रण क्यूसाउंड या तंत्राने केलेले आहे. दोनच स्पीकर असले तरी आवाज त्यांच्या बाहेरून, बाजूने, क्वचित पाठीमागून आल्याचा भास ते निर्माण करते. एखादा आवाज आपल्या दोन्ही कानांवर किंचित वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जोराने आदळतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. हे फरक ध्वनिमुद्रणातच कृत्रिमरीत्या पेरले की मेंदू फसतो. अट एकच: ऐकणाऱ्याने दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, मधोमध बसायला हवे. अल्बमच्या सुरुवातीला कुत्रे भुंकते ते स्पीकर ठेवला आहे तिथून भुंकत नाही, उजवीकडे कुठेतरी दूर, जणू शेजारच्या वाड्यात भुंकते. आमच्या घरी तो भाग वाजला की आजही कोणीतरी खिडकीकडे पाहतेच.

आता गंमत बघा. हाय-फाय शौकिनांच्या वर्तुळात हा अल्बम प्रसिद्ध आहे तो या कुत्र्यासाठी. नवे स्पीकर घ्यायला गेलेला गृहस्थ हीच सीडी लावतो, कुत्रे कुठे भुंकते ते तपासतो, मग 'लेट होम टुनाइट'मधल्या स्फोटाने खोली हादरते का ते बघतो आणि समाधानाने मान डोलावतो. म्हणजे युद्धाची करमणूक करणाऱ्यांवर चिडून काढलेल्या अल्बममधले बॉम्ब आपण दिवाणखान्याच्या करमणुकीसाठी वापरतो, आणि मीही त्यातलाच एक आहे. वॉटर्सला हे दिसत नव्हते, असे मी मानत नाही. त्या स्फोटाची पातळी बाकीच्या संगीताच्या मानाने इतकी वर ठेवली आहे की प्रत्येक जण पहिल्यांदा दचकतो, आणि दुसऱ्यांदा त्याची वाट पाहतो.

वादकांविषयी ओझरते: जेफ बेकचे नाव वर आलेच आहे. 'इट्स अ मिरॅकल'वर ड्रम वाजवणारे जेफ पोर्कारो अल्बम बाहेर येण्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट १९९२ मध्ये, वारले. तिखटमीठ यांनी लॉइड वेबरना बाजूला ठेवून ते गाणे फक्त ड्रमसाठी पुन्हा ऐकावे. इतक्या संथ लयीत इतके कमी वाजवून इतका ताण धरून ठेवणे सोपे नसते.

दक्षिणवारा

रॅझेल यांच्या कथनाचा उत्तरार्ध धागाकर्त्यांनी सांगितलेला नाही. मुद्दाम राखून ठेवला असेल तर क्षमस्व, पण मला जे लिहायचे आहे ते त्याशिवाय लिहिता येणार नाही.

अल्बमच्या शेवटी रॅझेल सांगतात की पुष्कळ वर्षांनी फ्रान्समधल्या आरासच्या स्मारकावर, जिथे बेपत्ता सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांना बिल हबर्डचे नाव दिसले आणि ते खिळून उभे राहिले. तोवर हबर्ड त्यांच्यासाठी एक दुःस्वप्न होते; नाव दिसल्यावर तो पुन्हा माणूस झाला. आपण आणखी काही करू शकलो असतो का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत होता, तोही त्यानंतर सैल झाला.

आता वॉटर्सच्या घरची गोष्ट पाहू. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स व्यवसायाने शिक्षक. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सदसद्विवेकाला स्मरून त्यांनी शस्त्र घ्यायला नकार दिला आणि लंडनवर बॉम्ब पडत असताना रुग्णवाहिका चालवली. पुढे त्यांचे मत बदलले, ते सैन्यात गेले, आणि इटलीत आंझिओच्या लढाईत १८ फेब्रुवारी १९४४ रोजी मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. वडीलही रॉयल फ्युजिलिअर्समध्येच होते, म्हणजे रॅझेल आणि हबर्ड यांच्याच रेजिमेंटमध्ये, फक्त एका महायुद्धाच्या अंतराने. त्यांचा मृतदेह सापडला नाही. त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, जिथे त्या मोहिमेतल्या, कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे आहेत. 'थ्री विशेस' या गाण्यातल्या एका ओझरत्या ओळीपलीकडे अल्बममध्ये यातले काही नाही. 'द वॉल'मध्ये आणि 'द फायनल कट'मध्ये वडील उघडपणे येतात. इथे वॉटर्सने ते दुःख एका अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडी ठेवले आहे. तिखटमीठ, आपण म्हणता तो घराचा पत्ता इथेही आहे, फक्त पाकिटावर लिहिलेला नाही.

त्याच कॅसिनो स्मारकावर नाईक यशवंत घाडगे यांचेही नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे जवान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणारे आपण बहुतेक जण तो पुतळा न बघताच पुढे जातो. एकीकडे नकार देऊन मग लढायला गेलेला इंग्रज शिक्षक, दुसरीकडे वसाहतीतल्या गावातून परक्या राजासाठी लढायला गेलेला तरुण. दोघांच्या युद्धाचा अर्थ एक नव्हता, आणि पाश्चात्त्य युद्धविरोधी संगीतात घाडग्यांच्या बाजूचा अर्थ मला कुठे ऐकू आलेला नाही. वॉटर्सकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल, पण आपण ऐकताना ती जागा रिकामी आहे हे ध्यानात ठेवायला हवे.

तिखटमीठ

दक्षिणवारा, प्रतिसाद दोनदा वाचला. रेजिमेंटचा दुवा मला ठाऊक नव्हता आणि त्यामुळे सुरुवातीच्या तुकड्याचे वजन वाढते, हे निःसंशय. तरीही कलाकृतीबाहेरच्या माहितीवर कलाकृती उभी राहू नये, या मताचा मी आहे. वडिलांची हकिकत माहीत नसलेल्या श्रोत्याला हा अल्बम फक्त रागावलेलाच वाटेल.

रानजाईताई, गळक्या नळाबद्दल मात्र आपण जिंकलात.

खर्ज

सगळ्यांच्या प्रतिसादांनी मूळ लेखापेक्षा धागा पुष्कळ पुढे गेला आहे.

दक्षिणवारा, उत्तरार्ध नवीन श्रोत्यांसाठी राखून ठेवला होता हे खरे, पण आपण तो ज्या कामी आणला त्यापुढे तक्रार उरत नाही. तिखटमीठ, माहितीशिवाय हा अल्बम फक्त रागावलेला वाटेल, हे मला मान्य नाही. रॅझेल यांच्या आवाजात राग औषधालाही नाही, आणि वॉटर्सने त्यांना पहिली आणि शेवटची जागा दिली आहे. मधला सारा आरडाओरडा त्या दोन तुकड्यांच्या कंसात ऐकायचा असतो. शीर्षकगीतात परग्रहावरून आलेले संशोधक टीव्हीच्या संचांभोवती जमलेल्या मानवजातीच्या सावल्या पाहतात आणि ही प्रजाती करमणुकीने मेली असा निष्कर्ष काढतात. तिथे थांबला असता तर अल्बम उपहासिकाच झाला असता. पण त्या निष्कर्षानंतरही रॅझेल बोलतात, म्हणजे न पाहता प्रत्यक्ष भोगलेला एक माणूस शिल्लक आहे.

वांद्र्याच्या गर्दीबद्दल: मैदानात वीसेक हजार माणसे जमवून त्यांच्याकडून गर्दीची टिंगल करणारे गाणे म्हणवून घेण्याचा विसंवाद 'द वॉल'च्या काळापासून वॉटर्सला चिकटलेला आहे. त्याला त्यातून सुटका सापडलेली नाही आणि मलाही उत्तर सुचत नाही. मात्र ज्या दौऱ्यात ते गाणे होते त्याच दौऱ्यात 'लीव्हिंग बेरूत'ही होते. तरुणपणी लेबनॉनमध्ये एका गरीब कुटुंबाने आपल्याला घरी नेऊन जेवू घातले, ही आठवण सांगत तो इराकवरच्या हल्ल्यापर्यंत येतो. त्या गाण्यात ओरडण्याजोगा कोरस नाही, आणि गर्दीतून जल्लोष न घेताही तो गाऊ शकतो याचा तो पुरावा आहे.

रानजाईताई, 'वॉचिंग टीव्ही'बाबत आपल्याशी जवळजवळ सहमत आहे. त्या गाण्याच्या बाजूने एवढेच म्हणेन की त्याच्या आधीच्या 'टू मच रोप'मध्ये वॉटर्सने हीच शंका स्वतःवर घेतली आहे. तिथे व्हिएतनाममध्ये लढलेला एक अमेरिकन वीस वर्षांनी तिकडे परत जातो, फॉर्मलिनमध्ये ठेवलेली विकृत अर्भके पाहतो, आणि हे सारे टीव्हीवर पाहणाऱ्या गायकाच्या डोळ्यांत पाणी येते. हे रडू कसले, असे तो लगेच स्वतःलाच विचारतो. हा प्रश्न विचारून झाल्यावर पुढच्या गाण्यांत वॉटर्स तो विसरतो, हे मात्र खरे.

नवश्रोता

मी वॉटर्सचे एकल काम ऐकलेले नाही. एक व्यावहारिक प्रश्न: मूळ १९९२ ची आवृत्ती ऐकावी की नंतरची? दोन्ही आवृत्त्या दिसल्या आणि मुखपृष्ठेही वेगळी आहेत, त्यामुळे गोंधळ झाला.

तबकडी

नवश्रोता, जुन्या मुखपृष्ठावर टीव्हीकडे पाहणारे माकड आहे आणि टीव्हीच्या पडद्यावर एक भलामोठा डोळा आहे. २०१५ ची आवृत्ती जेम्स गथ्री यांनी नव्याने मिश्रण करून सिद्ध केली. 'द वॉल'च्या ध्वनिमुद्रणात त्यांचा मोठा वाटा होता. तिच्या सराउंड, म्हणजे सभोवताली ध्वनीच्या मिश्रणाला २०१६ साली ग्रॅमी मिळाले. त्यासाठी पाच स्पीकर आणि वूफर असा संच हवा. तो नसेल तर २०१५ चेच दोन स्पीकरांचे मिश्रण घ्यावे, ते जुन्यापेक्षा मोकळे आणि स्वच्छ वाटते. आशयातही एक फरक आहे. 'परफेक्ट सेन्स'च्या आरंभी वॉटर्सला स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या अंतराळपटातल्या हॅल या संगणकाचा आवाज वापरायचा होता, पण कुब्रिक यांनी परवानगी दिली नाही. म्हणून १९९२ च्या आवृत्तीत तिथे वॉटर्सने उलटा मुद्रित केलेला चिडका मजकूर आहे. २०१५ च्या आवृत्तीत हॅल आला आहे. त्या चित्रपटाच्या आरंभी हाड हत्यार म्हणून उचलणारे वानर आहे, त्यामुळे गाण्यातले माकड हातातल्या हाडाकडे का बघते, ते मग लवकर कळते.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. हेडफोनवर कुत्रे डोक्यातच भुंकते, खिडकीबाहेर नाही, तेव्हा शक्य असेल तर दोन स्पीकर मांडून मधोमध बसावे आणि 'लेट होम टुनाइट'च्या आधी आवाज वाढवू नये. शेजारी खालच्या मजल्यावर असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी.